पदरचे चार शब्द

कॉलेजचा वार्षिकांक चिठ्ठीच्या, म्हणजे घरच्या लेकीच्या, दोन दिवस आधी घरी पोचला, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

बक्षीस मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या घरी अंकाची एक प्रत पाठवावी, असं यंदा कॉलेजात कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं. ललित लेखनाचं पहिलं बक्षीस मिळालंय, एवढं तिने फोनवर आईला सांगितलं होतं. लेख कशावर आहे असं आईने विचारलं, तेव्हा 'असंच, घराबद्दल' म्हणून विषय बदलला होता. रविवारी पहाटेच्या बसने निघताना तिच्या डोक्यात एकच काम होतं. पुढची दोन वर्षंही साहित्यच शिकायचं, त्या फॉर्मवर बाबांची सही घ्यायची, आणि सोमवारी सकाळी परत.

फाटकाशी काकांची स्कूटर दिसली तेव्हा तिला पहिली शंका आली. काका गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत, आणि रविवारी सकाळी दहाच्या आत ते अंथरुणातून उठले तर कुणीतरी आजारी आहे असं समजायचं.

आई दारातच उभी होती. तिने लेकीच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

"आधी तोंड धू, चहा घे," ती म्हणाली. "मग मधल्या खोलीत ये. सगळे तुझ्याचसाठी थांबलेत."

तोंड धुताना मोरीच्या झरोक्यातून कारखान्याचा वास आला. ओल्या वेताचा, सरसाचा आणि पॉलिशचा. होस्टेलवर कधीकधी नुसत्या त्या वासाची आठवण येऊन तिला वर्गातलं काही ऐकू यायचं नाही. आज तो नाकात शिरला आणि तिने धुतलेलं तोंड पुन्हा धुतलं.

कारखाना म्हणायचा म्हणून. घराच्या पुढच्या अंगाला एक लांबट खोली, वर पत्रा, दोन खिडक्या, आणि भिंतीला टेकून छतापर्यंत रचलेल्या मोडक्या खुर्च्या. कचेऱ्यांमधल्या, वाचनालयातल्या, दवाखान्यातल्या वेताच्या खुर्च्या दुरुस्तीला इथे येत. लाकूड बाबांकडे. सैल झालेले सांधे उकलायचे, जुना सरस खरवडायचा, नवा लावून दोरीने आवळून ठेवायचं, मोडका पाय बदलायचा. वेत आत्याकडे. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, वडिलांकडून विणकाम शिकली आणि त्या खोलीतच राहिली. टबात भिजून मऊ पडलेल्या पट्ट्या ती चौकटीच्या भोकांतून ओढून घेई, खुंट्या ठोकून ताणून धरी, आणि उभ्या, आडव्या, तिरप्या अशा फेऱ्या घालत बैठक विणी. पुरी झाली की टिचकी मारून बघायची. ढोलकीसारखा आवाज आला तरच ती खुर्ची बाबांकडे सरकायची.

दोघांच्या बैठकीत सहा फुटांचं अंतर होतं. आणि चिठ्ठी सात वर्षांची असल्यापासून त्या सहा फुटांत एकही शब्द इकडचा तिकडे गेला नव्हता.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आजी आजारी पडली त्या बुधवारी मोठ्या दवाखान्यात न्यायची गोष्ट निघाली. हातातल्या खुर्च्या शुक्रवारी द्यायच्या होत्या. बाबा म्हणाले, शनिवारी नेऊ. शनिवारी सकाळी आजी गेली. तिला पोचवून सगळे परत आले, तेव्हा आत्या चारचौघांसमोर बाबांना एकच वाक्य बोलली, 'तू थांबलास म्हणून आई गेली.' त्यानंतर तिने मिठाची गुळणी धरली ती धरलीच. बाबाही हट्टाचे. पण तोंडं बंद झाली म्हणून काम थोडंच बंद होतं. लाकूड वेताला सांगणार, वेत लाकडाला सांगणार, आणि मध्ये कुणीतरी लागणार. शाळेतून आलेली सात वर्षांची मुलगी दोघांच्या मध्ये एका ठोकळ्यावर बसून अभ्यास करायची. तिला निरोप्याचं काम आपोआप मिळालं. काकांनी तिचं नाव चिठ्ठी ठेवलं, आणि मूळ नाव शाळेच्या दाखल्यावर तेवढं उरलं.

लेख याच गोष्टीवर होता. नुसता एवढ्यावरच असता तरी भागलं असतं.

दुसऱ्या वर्षाला कादंबरी शिकवणारे एक सर होते. शर्टाला कायम खडूची भुकटी, बोलताना नजर खिडकीबाहेर. एकदा ते म्हणाले, गोष्ट सांगणारा माणूस म्हणजे टपालाची पेटी नव्हे. त्याच्या हातातून गेलेलं काहीही जसंच्या तसं पोचत नाही, आणि तो कुठे काय बदलतो ते बघा, म्हणजे त्याला काय हवं होतं ते कळेल. वर्गातल्या मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं. चिठ्ठीचे मात्र कान तापले. चोरी पकडल्यासारखं तिला झालं. कारण दहा वर्षं तिने जवळजवळ एकही निरोप जसाच्या तसा पोचवला नव्हता.

बाबा म्हणत, 'आत्याला सांग, वकिलांच्या खुर्च्या गुरुवारी हव्यात.' ती सहा फूट चालून जाई आणि सांगे, 'बाबा म्हणतात, वकिलांच्या खुर्च्या गुरुवारी झाल्या तर बरं, पण बोटं दुखत असतील तर राहू दे.' आत्या म्हणे, 'त्याला सांग, डोळे फुटलेत का, मागचा पाय तिरका बसवलाय.' ती परत जाऊन म्हणे, 'आत्याला पाय जरा तिरका वाटतोय, पण ती म्हणते की तिला हल्ली नीट दिसत नाही.' खोली एकच, पण कारखान्यात ठोकाठोक सतत चाललेली, आणि एकमेकांचं ऐकायचं नाही असं दोघांनी मनाशी पक्कं केलेलं. त्यामुळे तिचं खपून जायचं. आधी भांडणाची भीती म्हणून, मग सवय म्हणून, आणि पुढे पुढे खरं सांगायचं तर मजा म्हणून, ती पदरचे दोन-चार शब्द घालत गेली. 'बाबा म्हणतात, अशी वीण गावात कुणाला जमणार नाही.' 'आत्या म्हणते, तुमच्या हाताचा सांधा कधी सुटत नाही.'

सरांचा तास झाल्यावर तिला उमगलं की आपली पहिली कथा आपण त्या ठोकळ्यावर बसून रचली. वाचनालयात सलग तीन दुपारी बसून तिने लेख लिहिला. सगळे निरोप त्यात घातले. शेवटचाही, जो तिने कधी कुणाला सांगितला नव्हता. घरी हे वाचतील असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आमच्या घरात वर्तमानपत्र येतं ते पॉलिश पुसायला, असंही तिने त्यातच लिहून ठेवलं होतं.

मधल्या खोलीत ती शिरली तेव्हा काका टेबलाशी बसले होते, पुढे अंक उघडा. काकू त्यांच्या शेजारी. बाबा खिडकीशी पाठमोरे उभे. आत्या खोलीत नव्हती. कारखान्याच्या उघड्या दारातून खुंटी ठोकल्याचा आवाज येत होता, थांबत थांबत.

काकांनी सुरुवात केली. ते पाटबंधारे कचेरीत हेडक्लार्क, त्यामुळे घरातही प्रत्येक बाब मुद्द्यावार घेत. लेख सुंदर आहे यात वाद नाही, ते म्हणाले. कचेरीतल्या दोघांनी वाचला, तेही हसले. पण झाकली मूठ सव्वा लाखाची असते, आणि ती उघडायची तर आधी घरच्यांना विचारायचं असतं. ताई आणि दादा बोलत नाहीत हे आजवर घरातल्या पाच-सहा जणांना ठाऊक होतं, ते आता पाचशे जणांना झालं. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मूळ मुद्द्यावर आले. साहित्य शिकून माणूस हेच शिकणार असेल, घरातलं चव्हाट्यावर नेऊन मांडायला, तर आणखी दोन वर्षं त्यात घालवायची कशाला? त्यापेक्षा शिक्षिकेचा कोर्स करावा, इथेच राहावं.

काकूंचं वेगळंच दुखणं होतं. लेखात एका वाक्यात त्या आल्या होत्या, 'आली की घरभर नजर फिरवून पडद्यांची संख्या मोजणारी' म्हणून. त्या म्हणाल्या, आपण पडदे कधी मोजले नाहीत. आई चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाली की मागच्याच महिन्यात मोजले होते, आणि एक कमी भरला होता. ते ऐकून काकूंनाच हसू आलं. एवढ्याने खोलीतली हवा जरा हलली. चिठ्ठीला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात बाबा वळले.

तीन वर्षांत ते किती वाकले होते ते तिला त्या वेळी दिसलं. रंध्यावर झुकून झुकून उजवा खांदा खाली आला होता. त्यांनी काकांच्या पुढ्यातला अंक घेतला आणि चाळला नाही. पान त्यांना बोटावर ठाऊक होतं.

"शेवटचं तू लिहिलंयस," ते म्हणाले. "आजीला जाऊन वर्ष झालं त्या दिवशीचं. ते खरं आहे?"

खोटं बोलायची तिला एवढी सवय होती, पण त्या वेळी एक शब्द जुळवता आला नाही. ती नुसती मान हलवून हो म्हणाली.

लेखाचा शेवट असा होता. आजी गेल्याला वर्ष झालं त्या दिवशी बाबा कारखान्यात गेले नाहीत. मागच्या पायरीवर बसून राहिले, सकाळपासून दुपारपर्यंत. आठ वर्षांची मुलगी दोनदा त्यांना बोलावून आली. तिसऱ्यांदा ती कारखान्यात गेली, आत्याजवळ उभी राहिली, आत्या काही बोलली नाही, वेत ओढत राहिली. मुलगी मागच्या दारी गेली आणि म्हणाली, 'आत्याने निरोप दिलाय. म्हणते, त्याला सांग, त्याची काही चूक नव्हती.' बाबांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला, सरसाने खरखरीत झालेला. मग उठून आत आले, जेवले आणि कामाला बसले. त्या संध्याकाळी वर्षभराने प्रथमच ते रंधा मारताना गुणगुणले.

"बारा वर्षं," बाबा म्हणाले आणि थांबले. ते पुन्हा खिडकीकडे वळले.

काकांनी लगेच बाजू बदलली. आतापर्यंत ते आत्याचा अपमान झाला म्हणून बोलत होते. आता दादाशी केवढा दगा झाला यावर आले. चिठ्ठीला त्यांनी दोन शब्द सुनावले, आणि ते योग्यच होते. आई तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. म्हणाली, पोरीला एकटीला बोलू नका. स्वयंपाकघराची खिडकी कारखान्यात उघडते. इकडून काय निघायचं आणि तिकडे काय पोचायचं, हे आपण पहिल्या आठवड्यापासून ऐकत आलोय.

बाबांनी मान वळवली. "तुला माहीत होतं?"

"सगळं होतं. शेवटचंही."

"आणि बोलली नाहीस."

"त्या दिवशी तुम्ही जेवायला उठलात," आई म्हणाली. "मी काय बोलणार होते?"

यावर काकूंनी, ज्या दहा मिनिटांपूर्वी पडद्यांवरून रुसल्या होत्या, सरळ आईचा पक्ष घेतला. त्यांनी काकांना आठवण करून दिली की ताई-दादांची समजूत घालतो असं तेही तेरा वर्षं म्हणत आले, आणि दर खेपेला चहा पिऊन स्कूटर काढून परत गेले. जे काम थोरांनी करायचं ते आठ वर्षांच्या मुलीने तिला सुचलं तसं केलं. काका म्हणाले, तुला काय कळतंय यातलं. काकू म्हणाल्या, पडदे मोजणाऱ्या बाईला सगळं कळतं.

खुंटी ठोकल्याचा आवाज कधी थांबला हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आत्या दारात उभी होती. हात ओले, कोपरापर्यंत बाह्या मागे सारलेल्या, चष्मा कपाळावर. मधल्या खोलीत बाबा असताना ती कधी येत नसे. काका उठून उभे राहिले आणि तिला खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"मी शुक्रवारीच वाचलंय," ती म्हणाली. "पोस्टमनने माझ्याच हातात दिलं."

मग ती चिठ्ठीकडे बघून बोलू लागली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच चिठ्ठीला जास्त भीती वाटली. ती म्हणाली की, या मुलीला वाटतं तिने मला फसवलं. अगं, ज्याच्या पाठीला पाठ लावून मी वाढले त्याला मी ओळखत नाही का? 'अशी वीण गावात कुणाला जमणार नाही' असं याच्या तोंडून निघेल? हा लहानपणी आईने केलेल्या जेवणालाही 'ठीक आहे' म्हणायचा. ते शब्द तुझे आहेत हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी ऐकून घ्यायची, कारण तू सांगताना तुझं तोंड फार छान दिसायचं. आणि कुणीतरी सांगितलेलं बरं वाटायचंच की.

काका काही म्हणणार होते. काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"एकच विचारायचं होतं," आत्या पुढे म्हणाली. "तू सहावीत असशील. 'बाबा म्हणतात, डोळे तपासून घे, मी येतो सोबत.' तेही तुझंच ना?"

चिठ्ठीला आठवायला वेळ लागला नाही. आत्याला दिसत नाही हे तिनेच उगाच रचलं होतं, तिरक्या पायाची बाजू सावरायला. पण बाबांनी ते मनावर घेतलं. दोन दिवस ते गप्प होते, आणि तिसऱ्या दिवशी हातातली पटाशी खाली ठेवून त्यांनी तो निरोप दिला. ती इतकी चकित झाली होती की त्यात घालायला तिला एक शब्द सुचला नव्हता.

"ते बाबांचं," ती म्हणाली. "ते सगळं बाबांचंच होतं. मी काहीच घातलं नव्हतं."

आत्याने कपाळावरचा चष्मा काढला. हातात धरून त्याच्याकडे बघितलं. डोळे तपासायला ती तेव्हा एकटीच गेली होती. बाबा कपडे बदलून फाटकाशी उभे होते आणि ती त्यांच्यासमोरून निघून गेली होती; हे लेखात नव्हतं, पण घरात सगळ्यांना आठवत होतं.

मग बाबांनी घसा साफ केला, आणि खिडकीबाहेर बघत, जुन्याच पद्धतीने म्हणाले, "चिठ्ठी, आत्याला विचार, ते वाक्य तिने म्हटलं नव्हतं हे कळलं. आज ती काय म्हणते?"

सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले. तिचे पाय आपोआप उचलले गेले. दारापर्यंत चार पावलं होती. ती दोन पावलं गेली आणि थांबली. सोपं होतं. आत्या काहीही म्हणो, परत येऊन काय सांगायचं हे तिला तोंडपाठ होतं. वाचनालयातल्या त्या तीन दुपारी तिला वाटलं होतं की आपण घरावर उपकार केले. आत्ता तिला दिसलं की आपण दोघांना एकमेकांचं बोलणं दहा वर्षं ऐकू दिलं नाही. ते बोलणं कडू होतं हे खरं, पण ते त्यांचं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "ती इथेच आहे. तुम्ही विचारा."

बाबांचे कान लाल झाले. काका खाली बघू लागले. आईने चिठ्ठीच्या दंडाला धरलं, पण ओढलं नाही.

"ताई," बाबा म्हणाले. एवढा एक शब्द काढायला त्यांना किती श्रम पडले ते त्यांच्या मानेवरच्या शिरांवरून दिसत होतं. "तू म्हटलं नव्हतंस."

"नाही," आत्या म्हणाली. "म्हटलं नव्हतं."

बाबांनी मान हलवली. त्यांनी जणू तेवढ्याचीच तयारी केली होती. ते कारखान्याकडे निघाले. पण दारात आत्या उभी होती आणि ती बाजूला झाली नाही.

"ऐकून तर जा. त्या बुधवारी मीही 'आजच नेऊ' असं म्हटलं नव्हतं. 'न्यायला हवं' म्हटलं आणि विणायला बसले. शुक्रवारच्या खुर्च्या माझ्याही होत्याच. आपण दोघं थांबलो होतो. मला ते एकटीला पेलेना, म्हणून सगळं तुझ्या गळ्यात घातलं." ती थांबली. "हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. सांगावं असं वाटायला लागलं त्याला दोन-तीन वर्षं झाली. पण तोवर ही कॉलेजला निघून गेली. कामाचं पाटीवर लिहून भागतं; हे सांगू कुणाबरोबर?"

बाबा हसले की रडले हे चिठ्ठीला पुढेही कधी नक्की सांगता आलं नाही. त्यांनी चौकटीला हात टेकला. आत्याने तिचा ओला हात त्यांच्या हातावर क्षणभर ठेवला आणि उचलला, सरस वाळलाय का बघावं तितकाच. मग ती वळून आत गेली आणि तिच्या मागोमाग ते गेले. कारखान्याचं दार कुणी लावलं नाही, पण त्यानंतर तिकडे कुणी गेलंही नाही. काकूंनी कप गोळा केले. काकांनी अंक मिटून ठेवला आणि काही वेळाने, कुणाला उद्देशून नव्हे, म्हणाले की आपण बुधवारी गावातच होतो. आपल्यालाही नेता आलं असतं. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला.

जेवणाच्या वेळेपर्यंत आतून आवाज वाढले. आई धावत निघाली आणि दारातून परत आली. मागच्या पायाचं भांडण चाललंय, ती म्हणाली. तेरा वर्षांत जितके पाय तिरके बसले, त्यांचा हिशेब आत्याने आज काढलाय, आणि बाबाही गप्प बसत नाहीयेत, वेत अर्धा कच्चा भिजवतेस म्हणतायत. "आता रोज हे ऐकायचं," ती म्हणाली, आणि चेहऱ्यावरून वाटत होतं की तिची काही हरकत नाही.

चिठ्ठी मागच्या पायरीवर जाऊन बसली. लहानपणी या घरात ती कधी नुसती बसलेली तिला आठवत नव्हती. सतत कुणी ना कुणी हाक मारायचं. इथून आवाज स्पष्ट येत होते. आत्या खरंच 'डोळे फुटलेत का' असं म्हणत होती, आणि बाबा त्यावर जे म्हणाले ते तिला कधी सुचलं नसतं इतकं झोंबणारं आणि इतकं गमतीदार होतं. तिला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. ठोकळ्यावरची ती मुलगी आता कुणाला नको होती. तिला ती फार आवडायची.

दुपारी तिने आत्याला विचारलं, लेख मोठ्या मासिकाकडे पाठवा असं सर म्हणतात, पाठवू का? आत्या वेत निवडत होती. तिने चार पट्ट्या बाजूला काढल्या, एक मोडून टाकली. म्हणाली, नको. छापायचं ते तू छापून झालीस. उरलेलं आमचं आम्हाला राहू दे. चिठ्ठीने बरं म्हटलं. तिला जरा लागलं, पण तिने वाद घातला नाही.

सोमवारी सकाळी बाबा तिला बसथांब्यावर सोडायला आले. आजवर आई यायची. रस्ताभर ते तिची पिशवी डाव्या खांद्याला अडकवून चालत राहिले. थांब्यावरच्या बाकावर बसल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला आणि तिच्या हातात दिला. सही केलेली होती. सुतारी पेन्सिलीने आधी हलकी ओढून, मग पेनाने गिरवलेली.

"शीक पुढे," ते म्हणाले. "काका म्हणतो त्यात तथ्य आहे, पण शीक." थोड्या वेळाने म्हणाले, "एक विचारू? आठ वर्षांची होतीस. ते वाक्य तुला सुचलं कसं?"

तिने विचार केला. हाच प्रश्न वर्गात असता तर तिला पुष्कळ सांगता आलं असतं.

"तुम्ही जेवला नव्हतात," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. समोरच्या रस्त्यावर दुकानांची दारं उघडत होती. बस आली तेव्हा ते पिशवी घेऊन आत चढले, ती वरच्या फळीवर ठेवली, घट्ट बसलीय का हलवून बघितली, आणि उतरून तिच्या खिडकीखाली येऊन उभे राहिले.

"पोचलीस की फोन कर," ते म्हणाले. "माझ्या फोनवर कर."

तीन वर्षांत त्यांचं तिचं फोनवर बोलणं झालं नव्हतं. फोन आईचा यायचा, आणि ठेवायच्या आधी आई न चुकता म्हणायची, 'बाबा विचारतायत, जेवलीस का.' होस्टेलच्या जिन्यात उभं राहून ते ऐकलं की तिला घर जवळ आल्यासारखं व्हायचं. आत्ता खिडकीच्या गजाला धरून ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"बाबा, मी जेवले का, असं आई रोज तुमच्या नावाने विचारते. ते तुम्ही विचारायचात?"

चालकाने इंजिन सुरू केलं. सोपं, बरं वाटेल असं उत्तर अगदी जवळ होतं, आणि ते त्यांनी बाजूला सारलेलं तिला दिसलं.

"रोज नाही," ते म्हणाले.

बस हलली. ते चार पावलं तिच्याबरोबर चालले.

"पण पुष्कळदा," ते म्हणाले.